वाइनची सोयरीक चटणीशी

जिलेबी खाऊन लगेच चहाचा घोट घेतला की चहा अगोड लागतो. साखर घालायला विसरल्या की काय, असा संशय यजमानीणबाईंवर घेऊन आपण मोकळे होतो. पण त्याच किटलीतला चहा शेजारचा, जिलेबी न खाल्लेला पाहुणा मिटक्या मारत पीत असतो. आवळ्याचं याच्या उलट. आवळा चावून वर पाणी प्यायलं की साधं नळाचं पाणी गोड होतं. चहा तोच, पाणीही तेच. आधीच्या घासाने जिभेची अवस्था मात्र पालटलेली असते.

कुठल्या खाण्याबरोबर कुठली वाइन, या गहन समजल्या जाणाऱ्या विषयाचा गाभा एवढाच आहे. घास गिळला की जीभ कोरी राहत नाही, आणि पुढचा घोट त्या न-कोऱ्या जिभेवर पडतो. बाकी सगळा तपशील.

तपशील मात्र रंजक आहे, आणि शाकाहारी माणसाला तो कुणी नीट सांगत नाही. लाल मांसाला रेड, माशाला व्हाइट हे ठोकताळे युरोपातल्या मांसाहारी टेबलावर तयार झाले. पुण्या-नाशिकच्या घरगुती बैठकीत टेबलावर येतात काकडी-गाजराचे उभे तुकडे, सिमला मिरचीच्या पट्ट्या, हुमुस, चक्क्याचं डिप, पुदिन्याची चटणी, एखाद्या हौशी घरी ठेचा आणि पाठोपाठ गरम भजी. आता यातल्या गाजराला कुठली वाइन, असं विचारलं की भलेभले अडखळतात. प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलेला असतो. गाजर, काकडी, फ्लॉवर ही मंडळी चवीला इतकी सौम्य, की वाइनशी त्यांचं ना भांडण ना मैत्री. वाइनची गाठ पडते ती त्यांच्या अंगाला लागलेल्या लिंबाशी, मिठाशी, तेलाशी, मिरचीशी, लसणाशी. म्हणून भाजी क्षणभर विसरावी आणि तोंडीलावणं काय आहे ते पाहावं.

घोटात असतं काय?

वाइनच्या ग्लासात साधारण १५० मिलिलिटर ओततात. त्यात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि ११ ते १४ टक्के अल्कोहोल. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत सगळं नाट्य: आम्लं, थोडीफार साखर, रंग, तुरटपणा देणारं टॅनिन आणि वासाचे शेकडो पदार्थ. हे वासाचे पदार्थ लिटरमागे मिलिग्रॅममध्ये किंवा त्याहूनही कितीतरी कमी असतात, पण नाकाला पुरतात.

आम्लं लिटरमागे ५ ते ८ ग्रॅम. त्यातलं मुख्य टार्टारिक आम्ल. फळांच्या दुनियेत हे तसं दुर्मीळ. लिंबातलं आम्ल सायट्रिक, कच्च्या सफरचंदातलं मॅलिक, दह्यातलं लॅक्टिक. टार्टारिक आम्ल ठासून भरलेली दोनच फळं आपल्या घरात नित्य येतात: द्राक्ष आणि चिंच. आमटीत चिंचेचा कोळ घालणाऱ्या माणसाला वाइनचा आंबटपणा परका वाटायचं कारण नाही.

हा आंबटपणा टिकवणं हे उष्ण प्रदेशातल्या बागायतदाराचं मोठं काम. द्राक्ष पिकतं तशी साखर चढते आणि आम्ल उतरतं. रात्री उबदार असल्या तर मणी श्वसनातच मॅलिक आम्ल खर्चून टाकतात. म्हणून नाशिककडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी काडी तयार करते आणि पावसाळा सरताना केलेली गोडी छाटणी फळ धरते. परिणामी घड भरतात ते निफाडचा पारा बातम्यांत झळकतो त्या दिवसांत, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी होते साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात हेच काम उन्हाळा संपताना चालतं. नाशिकच्या नव्या वाइनयुगाची सुरुवात २०००च्या सुमाराला शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन पांढऱ्या जातींनी झाली, हे शाकाहारी खवय्याच्या पथ्यावरच पडलं. का, ते पुढे येईलच.

लिंबू पिळताना जरा थांबा

लिंबाच्या रसात लिटरमागे ५० ग्रॅमच्या आसपास आम्ल असतं, म्हणजे वाइनच्या सहा ते दहा पट. अर्धं लिंबू वाटीभर हुमुसमध्ये पिळलं की ते विरळ होतं खरं, तरी जिभेला जाणवेल इतकं उरतंच. जिभेची एक सवय आहे. एखाद्या चवीचा मारा चालू राहिला की ती त्या चवीला सरावते आणि पुढच्या वेळी तीच चव कमी नोंदवते. जिलेबीनंतरचा चहा अगोड होतो तो याचमुळे. लिंबाने सरावलेल्या जिभेवर वाइन पडली की तिचा आंबटपणा बराच कमी जाणवतो.

आता वाइन मुळातच आंबटपणात कमी असेल तर शिल्लक काय राहणार? ती फुळकवणी लागते. महागडी, पिंपात मुरवलेली, मऊ शार्डने लिंबू पिळलेल्या कोशिंबिरीपुढे पाणी घातल्यासारखी वाटते, आणि दोष बाटलीच्या माथी बसतो. उलट, एरवी दात आंबवणारी साधी सोव्हिन्यों ब्लाँ त्याच कोशिंबिरीबरोबर गोलसर, फळांच्या चवीची होते. वाइन खाण्याइतकी तरी आंबट हवी, या जुन्या नियमाचं गमक एवढंच. माझ्या मते, शाकाहारी टेबलासाठी एकच नियम पाठ करायचा असेल तर हा करावा.

चक्क्याच्या डिपचा आंबटपणा लिंबापेक्षा मवाळ, आणि सोबतीला दुधाचं स्निग्ध अंग. त्यामुळे ते जवळपास कुठल्याही पांढऱ्या वाइनशी जमवून घेतं. ग्रीसमध्ये काकडी-दह्याच्या त्झात्झिकीबरोबर सान्तोरिनी बेटावरची असिर्तिको पितात, ती तर आंबटपणासाठीच ओळखली जाते. आपली काकडीची कोशिंबीर तिच्या फार दूर नाही. फक्त तिच्यात साखर घालायची सवय असेल तर हात आखडता घ्यावा.

कारण गोडाचं गणित जास्त कडक आहे. चटणी वाइनपेक्षा गोड झाली की वाइनमध्ये जी काही फळांची गोडसर छटा होती ती पुसली जाते, आणि उरतो नुसता आंबट-कडू सांगाडा. चिंच-गुळाच्या चटणीपुढे कोरडी, म्हणजे जवळजवळ साखर नसलेली, वाइन ठेवणं हा दोघींचाही अपमान आहे. तिथे साखर राखलेली शेनिन ब्लाँ चालते. उशिरा तोडलेल्या, वेलीवरच साखर चढलेल्या द्राक्षांची गोड वाइन आणखी बरी. मी मात्र ती चटणी भेळेसाठीच राखून ठेवीन.

गाजर आणि रेड वाइनचं का बिनसतं

कोरा चहा जरा जास्त उकळला की जीभ खरखरीत होते, हिरड्या ओढल्यासारख्या वाटतात. त्यातच दूध घातलं की तो निवळतो. रेड वाइनचा सगळा व्यवहार या एका कपात समजून घेता येतो.

आपली लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात प्रथिनं असतात आणि ती तोंडाला वंगण घालतात. यातली काही प्रथिनं प्रोलीन नावाच्या घटकाने समृद्ध असतात, आणि टॅनिनला नेमकी तीच आवडतात. टॅनिनचे रेणू त्यांना चिकटतात, दोघांच्या गुठळ्या होतात आणि वंगण निघून जातं. मग जीभ टाळूला घासते. तुरटपणा हा बराचसा असा घर्षणाचा, स्पर्शाचा अनुभव आहे. दुधातलं केसीन हेही प्रोलीनने भरलेलं प्रथिन. चहात दूध घातलं की टॅनिन आधी केसीनला मिठी मारतं आणि लाळेची सुटका होते.

वाइनमध्ये टॅनिन येतं मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून घेतात आणि मग आंबवतात, म्हणून तिच्यात टॅनिन नगण्य. रेड वाइन सालीसकट आंबवतात. रंगही तिथूनच येतो आणि तुरटपणाही.

आता कच्चं गाजर चावा आणि वर कॅबर्ने सोव्हिन्योंचा घोट घ्या. गाजरात प्रथिन जेमतेम, स्निग्धांश नाहीच. टॅनिनला धरायला तोंडात लाळेशिवाय कुणी नाही. गाल आतून ओढले जातात, आणि गाजराची गोडी आधीच लागलेली असल्याने वाइन वर कडवटही वाटते. मग तोच तुकडा हुमुसमध्ये चांगला बुडवा, नुसता टेकवू नका. छोल्यांची प्रथिनं आणि तिळाच्या ताहिनीतलं तेल जिभेवर पसरतं, मीठ कडवटपणा दाबतं. पुन्हा तोच घोट. त्याच बाटलीतून आता जांभळासारखी, काळ्या मनुकांसारखी चव वर येते. ती आधीही होती, तुरटपणाच्या आड दडली होती.

मिठाची ही करामत फार लोकांना ठाऊक नसते. मीठ खारटपणा देतं हे खरं, पण त्याहून मोठं काम ते कडू दाबण्याचं करतं, आणि कडू दबलं की बाकीच्या चवी आपोआप वर येतात. ब्रेस्लिन आणि बोशॉम्प या संशोधकांनी १९९७ साली हे प्रयोगाने दाखवलं. कारल्याला मीठ चोळणाऱ्या घरांत हे ज्ञान त्याआधीपासून नांदत होतंच. या न्यायाने रेड वाइनचा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा जोडीदार म्हणजे खारे शेंगदाणे. मीठ, तेल, प्रथिन, तिन्ही एका दाण्यात. शेंगदाण्याची लाल चटणीही तशीच, मिरची हात राखून घातलेली असेल तर.

युरोपातल्या ज्या भागांत भाज्या डिपमध्ये बुडवून खाण्याची जुनी रीत आहे, तिथली निवड पाहण्यासारखी आहे. फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये उकडलेल्या भाज्या आयोलीबरोबर, म्हणजे लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेल्या दाट सॉसबरोबर वाढतात आणि सोबत गार रोझे ओततात. रोझेसाठी साल रसात थोडाच वेळ ठेवतात, त्यामुळे रंग गुलाबी आणि टॅनिन अगदी कमी. इटलीच्या पीडमाँतमध्ये थंडीच्या दिवसांत बान्या काउदा करतात. लसूण, तेल आणि खारवलेली अँचोव्ही मासळी मंद आचेवर एकजीव करायची आणि त्या गरम मिश्रणात कच्च्या भाज्या बुडवायच्या. याच मुलखात नेब्बिओलो द्राक्षाची बरोलोसारखी जगप्रसिद्ध, कमालीची तुरट वाइन होते. तरी या पदार्थाची नेहमीची जोडीदार बार्बेरा, जी रंगाने गडद, आंबटपणात भरपूर आणि टॅनिनमध्ये कमी. गावातली सर्वांत नामांकित बाटली पानातल्या पदार्थाला सोयीची असेलच असं नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांनी पुस्तकं न वाचता ओळखलं होतं.

ठेच्याचा ठसका

तिखट ही चव नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या अशा एका ग्राहकाला, म्हणजे चेतातंतूच्या टोकावरच्या संवेदकाला, जाऊन चिकटतं ज्याचं खरं काम उष्णता ओळखणं हे आहे. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली तो शोधला आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. साधारणपणे हा संवेदक ४२-४३ अंश सेल्सियसला जागा होतो. कॅप्सेसिन त्याला त्याआधीच जागं करतं, म्हणून ठेचा खाल्ल्यावर तोंड खरोखर भाजल्यासारखं वाटतं.

आता गंमत, किंवा ज्याच्या तोंडात आग लागली त्याच्या दृष्टीने शोकांतिका. अल्कोहोलही याच संवेदकाला छेडतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की अल्कोहोलच्या सान्निध्यात त्याचा उंबरठा ४२ वरून ३४ अंशांच्या आसपास घसरतो. आपल्या शरीराचं तापमानच ३७. म्हणजे काहीही गरम नसताना जळजळ होणार. जखमेवर स्पिरिट लावल्यावर झोंबतं त्यामागेही हेच. ठेच्यावर साडेचौदा टक्क्यांची दणकट शिराझ ओतणं म्हणजे आगीत तेल. शिवाय टॅनिन लाळेचं वंगण काढून घेतं, ते वेगळंच.

मग ठेच्यापुढे टिकतं काय? अल्कोहोल कमी, थोडी साखर, टॅनिन नाही आणि बाटली चांगली गार. साखर तिखटाची जाणीव बोथट करते आणि गारवा उष्णतेच्या संवेदकाला शांत करतो. नाशिकच्या अनेक शेनिन ब्लाँमध्ये आंबवण्याची क्रिया थंड करून मध्येच थांबवतात आणि द्राक्षाची थोडी साखर राखतात. काही चोखंदळ मंडळी या गोडसर वाइनला नाकं मुरडतात. त्यांना हिरव्या मिरचीच्या ठेच्यासमोर बसवावं. आणि ठेचा अगदीच जहाल असेल तर वाइनचा नाद सोडून चक्क्याकडे वळावं. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, वाइनला ते जमत नाही. वाइनमधलं अल्कोहोल आग वाढवायला पुरतं, कॅप्सेसिन विरघळवून धुऊन न्यायला मात्र पुरत नाही.

पुदिना-कोथिंबिरीची चटणी यामानाने सोपी. एखादी मिरची कमी, लिंबू आवडीप्रमाणे, की सोव्हिन्यों ब्लाँ खुशीने तिच्या शेजारी बसते.

▢ चौकट: बाटली किती गार?

«रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी» हा सल्ला युरोपातल्या दगडी घरांचा आहे, जिथली खोली १६-१८ अंशांची असायची. आपल्या ३२ अंशांच्या दिवाणखान्यात रेड वाइन तशीच ओतली तर आधी अल्कोहोलची वाफ नाकात शिरते. फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवून काढलेली रेड उत्तम. पांढरी वाइन आणि रोझे ८ ते १२ अंश, फसफसणारी त्याहून थोडी गार, ६ ते ८. फार गार केली तर वास दबतो आणि तुरटपणा टोचतो, म्हणून रेड बर्फात बुडवू नये. पांढरी खुशाल बुडवावी, पण बर्फाच्या पाण्यात. नुसत्या खड्यांपेक्षा पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं आणि ती लवकर गार होते.

सिमला मिरचीचा वास बाटलीत कसा?

सोव्हिन्यों ब्लाँ हुंगल्यावर कापलेल्या सिमला मिरचीची आठवण झाली तर तो भास नसतो. दोन्हींत एकच रेणू असतो. त्याचं नाव आयसोब्युटिल मेथॉक्सिपायराझिन, आणि ते एकदा वाचून विसरलं तरी चालेल. सिमला मिरचीत तो १९६९ साली ओळखला गेला. त्याची ताकद अशी की एक लिटर पाण्यात ग्रॅमचे दोन अब्जांश इतका असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. कॅबर्ने सोव्हिन्योंमध्येही तो असतो. द्राक्ष पुरतं पिकलं आणि घडाला ऊन लागलं की तो ओसरतो. म्हणून अर्धवट पिकलेल्या घडांची कॅबर्ने हिरवट वासाची निघते.

शिराझचं नातं काळ्या मिरीशी. मिरीला तिचा खास वास देणारा रोटुंडोन हा पदार्थ शिराझच्या द्राक्षांत असल्याचं ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ साली दाखवलं. गमतीचा भाग असा, की दर पाच माणसांत साधारण एकाला रोटुंडोनचा वास येतच नाही. त्यामुळे एकाच ग्लासवरून दोन जाणकारांत वाद झाला तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

तिसरं नातं धुराचं. भरताचं वांगं विस्तवावर भाजलं की सालीतलं लिग्निन जळून ग्वायकॉलसारखे धुरकट वासाचे पदार्थ तयार होतात. ओकच्या लाकडाची पिंपंही बनवताना आतून आगीवर शेकतात, आणि तोच वास त्यात मुरलेल्या वाइनला लागतो. जळगावकडचं भरीत, लेबनॉनचं बाबा घनूश, यांच्यासोबत पिंपातली शिराझ बरी लागते. भरतात तेल सढळ असल्याने टॅनिनचीही सोय होते. खानदेशी भरतात हिरव्या मिरच्या मात्र मूठभर असतात, तेव्हा वरचा ठेच्याचा परिच्छेद आठवावा.

इथे एक सावधगिरी. वास जुळला की चव जुळली, असा निष्कर्ष काढणारी पुस्तकं आणि तक्ते बाजारात पुष्कळ आहेत. मला ते तितकंसं पटत नाही. सारखा वास ओळखीचा आनंद देतो, पण आंबट, गोड, तुरट, तिखट यांचा हिशेब बिघडला असेल तर तो आनंद टिकत नाही. सिमला मिरचीच्या पट्ट्या आणि कॅबर्ने यांचा रेणू एक असूनही जोडी वाईट, कारण गाजराचं जे झालं तेच तिथे होतं. आधी जिभेचा हिशेब, मग नाकाचा.

भजी आणि बुडबुडे

पावसात भज्यांबरोबर चहाच का लागतो? तुरटपणा आणि स्निग्धपणा एकमेकांना खोडतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना तेलकट खाणं आणि सौम्य तुरट पेय आलटून पालटून दिलं, तर घोटागणिक तोंडातला तेलकटपणा कमी होत गेला. पेय फार तुरट असायचीही गरज नव्हती. हलका तुरटपणा घोटाघोटाने साठत जातो. चहा भज्यांची जिरवतो ती अशी.

वाइनच्या जगात हे काम फसफसणारी वाइन फार छान करते. तिच्यात टॅनिन कमी, पण आंबटपणा चढा आणि वर कार्बन डायऑक्साइड. सोड्याची झिणझिण बुडबुडे फुटल्यामुळे होते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात लाळेतलं आणि जिभेवरचं एक विकर या वायूचं आम्लात रूपांतर करतं आणि त्या आम्लाची ती चुणचुण असते. दाबाच्या खोलीत बुडबुडे फुटूच दिले नाहीत तरी ती जाणवते. हिमालयात जाणारे ट्रेकर डोंगरउंचीच्या त्रासावर डायमॉक्सच्या गोळ्या घेतात. ते औषध नेमकं हेच विकर रोखतं, म्हणून गोळी चालू असताना कोल्ड्रिंक किंवा बीअर बेचव लागते. पुण्यात असे अनुभवी पुष्कळ सापडतील.

कांदाभजी, कोथिंबीर वडी, अळूवडी या तिन्हींना अशी वाइन चालते. अळूवडीत चिंच-गूळ असतो, तेव्हा बाटली अगदी कोरडी नको. महाराष्ट्रात फसफसणाऱ्या वाइनची ओळख नाशिकच्या आधी नारायणगावने करून दिली. तिथली ओमर खय्याम १९८०च्या दशकात परदेशी बाजारात गेली होती.

अडेलतट्टू भाज्या

काही भाज्या मात्र गाजरासारख्या गप्प बसत नाहीत. आर्टिचोक त्यांचा म्होरक्या. ते खाल्ल्यावर पाणी गोड लागतं, थेट आवळ्यासारखं, आणि वाइनही बेंगरूळ गोड होते. लिंडा बार्टोशुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली याचा छडा लावला. आर्टिचोकमधलं सायनारिन आणि क्लोरोजेनिक आम्ल काही काळासाठी जिभेचा कारभार बदलतात. आंबटाने सरावलेल्या जिभेलाही साधं पाणी गोडसर लागतं, हे त्यांच्याच क्षेत्रातलं आधीचं निरीक्षण. आर्टिचोक-पालकाच्या डिपचं आता कॅफेंमधून पेव फुटलंय. त्यात चीज आणि मलई इतकी असते की त्रास बराच झाकला जातो. तरी वाइन कोरडी आणि आंबटच घ्यावी, कारण गोडी पदरची मिळणारच आहे.

अॅस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीचं भावंड. उकडलं की गंधकाचे वास सोडतं आणि वाइन शिळ्या भाजीसारखी लागते. तव्यावर तेलात खरपूस परतावं.

कच्चा लसूण तिसरा. पाकळी ठेचली की एक विकर मोकळं होऊन ॲलिसिन तयार करतं, आणि ते जिभेवरच्या वेदनेच्या संवेदकाला डिवचतं. पाकळी अख्खी भाजली की ते विकर आधीच मरतं, म्हणून भाजलेला लसूण गोडसर आणि निरुपद्रवी. हुमुसमध्ये दोन कच्च्या पाकळ्यांऐवजी चार भाजलेल्या घाला. वाइनचा वास त्याखाली गुदमरणार नाही.

करून पाहायचं असेल तर

वाचण्यापेक्षा जिभेने पटतं. एक रेड आणि एक कोरडी पांढरी वाइन, आणि बशीत साखर, लिंबाची फोड, मीठ आणि खारे दाणे. आधी दोन्हींचा एकेक घोट घेऊन चव लक्षात ठेवायची. चिमूटभर साखर चघळून रेड प्या: कडू, रुक्ष. लिंबू चाटून पांढरी प्या: आंबटपणा गायब, एकदम मवाळ. मिठाचा कण ठेवून रेड प्या: कडवटपणा मागे सरतो. मग दाणे नीट चावून तोच घोट. तो गिळल्यावर मध्ये पाणी न पिता कच्च्या गाजराचा तुकडा खाऊन पुन्हा घोट घेतला तर तुरटपणा लगेच नाही, हळूहळू परत येतो, कारण दाण्यांचं तेल जिभेवरून जायला थोडा वेळ लागतो. वाइन न घेणाऱ्यांनी तिच्या जागी जास्त उकळलेला, बिनसाखरेचा कोरा चहा ठेवावा. साखर, मीठ आणि दाण्यांचा निकाल जवळपास तोच लागतो, फक्त लिंबाची फोड वगळावी.